ट्रान्सप्लांटचे १० लाख मंजूर होतात, ताटाचे १५ हजार कोण देणार?

सुरतच्या वाटेवरच्या सीमाभागातल्या लेकरांचा अर्धवट राहिलेला हिशोब

विशेष विश्लेषण

सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन आजारांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत सरकारी यंत्रणा हलली आहे, हे मान्य करायला हवं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. नंदुरबार, नवापूर, साक्री आणि हद्दीपलीकडच्या तापी, डांग जिल्ह्यांत शाळा-आश्रमशाळांमधून रक्ताचे नमुने घेतले जातात, रंगीत कार्डं वाटली जातात. आजार कळण्याचं प्रमाण वाढलं की पुढचा प्रश्न येतोच: बरं कसं करायचं?

आज पूर्ण बरं करणारा रुळलेला उपाय एकच, स्टेम सेल ट्रान्सप्लांट. बोली भाषेत बोन मॅरो ट्रान्सप्लांट. त्यासाठीही पैशाच्या वाटा हळूहळू उघडत आहेत. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून २०१७ पासून पात्र मुलाला १० लाखांपर्यंत मदत मिळते. गुजरातने २०२३ मध्ये आयुष्मान योजनेची मर्यादा १० लाखांवर नेली. महाराष्ट्रानेही महागड्या प्रत्यारोपणांसाठी नेहमीच्या ५ लाखांच्या मर्यादेबाहेर वेगळा निधी देण्याचा निर्णय घेतला, त्यात बोन मॅरो ट्रान्सप्लांट आहे.

खाटेचे पैसे, केमोचे पैसे, तपासण्यांचे पैसे, सगळ्यांना रकाना आहे. पण याच हिशोबात एक रकाना कोराच राहतो. ट्रान्सप्लांटच्या आधी सहा महिने आणि नंतरचे १०० दिवस त्या लेकराने खायचं काय, आणि ते आणायचं कुठून?

सुरतच का?

नवापूर रेल्वे स्टेशनची अर्धी इमारत महाराष्ट्रात आणि अर्धी गुजरातमध्ये आहे, ही गंमत सगळ्यांना माहीत आहे. आजारपणाच्या बाबतीत मात्र तिथे हद्द नसतेच. नंदुरबार, दोंडाईचा, शहाद्याकडचा माणूस मोठ्या दुखण्याला मुंबईआधी सुरतेला जातो. गाडी थेट आहे, नातेवाईक तिथे आहेत. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत गल्ल्याच्या गल्ल्या खान्देशी आहेत. मुक्कामाचा प्रश्न मिटतो, भाषेचा मिटतो.

सुरतचं नवीन सिव्हिल हॉस्पिटल, महापालिकेचं स्मीमेर, सुरत रक्तदान केंद्र ही नावं सीमाभागातल्या थॅलेसेमिया-सिकलसेलच्या घरांत तोंडपाठ असतात. दक्षिण गुजरातमध्ये या आजारावरचं काम जुनं आहे. वलसाड रक्तदान केंद्रात त्याचा पाया घालणारे डॉ. यझदी इटालिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तपासणी, रक्त चढवणं, औषधं हे सगळं सुरतेत होतं. ट्रान्सप्लांटसाठी बहुतेक मुलांना पुढे अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागते. अहमदाबादेत संकल्प इंडिया फाउंडेशनने खासगी रुग्णालयाच्या साथीने मुलांचं ट्रान्सप्लांट केंद्र चालवलं. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट केंद्र आहे. देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात झालं होतं.

म्हणजे मूल घरून निघतं तेव्हापासून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत नि परत, बराच काळ ते सुरत आणि गावाच्या मधल्या पट्ट्यातच असतं. आणि त्याच काळात त्याचं वजन ठरतं.

मुळातच वजन कमी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची आढळली. नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. हे सगळ्या मुलांचं झालं. त्यात आजार असलेलं मूल धरा. सिकलसेलमध्ये लाल पेशी भराभर तुटतात आणि शरीराला सतत नव्या तयार कराव्या लागतात. त्यामुळे असं मूल बसल्या जागीही निरोगी मुलापेक्षा जास्त ऊर्जा खर्च करतं. थॅलेसेमियात प्लीहा आणि यकृत वाढून पोट भरल्यासारखं राहतं, चार घासांत मूल ताट सारतं. झिंक आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता दोन्हीकडे नेहमीचीच.

अशा मुलाला ट्रान्सप्लांटला नेणं म्हणजे टाकीत पेट्रोल नसताना घाट चढायला घेणं. वजन फारच कमी असलेल्या मुलांना ट्रान्सप्लांटनंतर संसर्ग आणि गुंतागुंत जास्त होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून चांगली केंद्रं आधी काही महिने मुलाची तयारी करून घेतात. रक्त नियमित, शरीरातलं जादा लोह खाली, यकृत ठीक, वजन वर. इटलीतल्या पेसारो इथल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकातच थॅलेसेमियाच्या मुलांची वर्गवारी केली होती. वाढलेलं यकृत, यकृताचं घट्ट होणं आणि लोह कमी करणाऱ्या औषधात खंड, या तीन गोष्टी असल्या की धोका वाढतो. या तिन्ही गोष्टी घरातल्या रोजच्या शिस्तीवर अवलंबून आहेत. ताटही त्याच शिस्तीचा भाग आहे.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. प्रत्येक सिकलसेलच्या मुलाला ट्रान्सप्लांट लागत नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधावर बहुतेकांचं बरं चालतं. वारंवार तीव्र दुखणं उठणारी, छातीचा किंवा मेंदूचा त्रास झालेली मुलं या वाटेला जातात. थॅलेसेमिया मेजरमध्ये मात्र जुळणारा भाऊ-बहीण असेल तर लहान वयातलं ट्रान्सप्लांट हा सर्वांत चांगला पर्याय मानला जातो.

त्या चार-सहा आठवड्यांत काय होतं

ट्रान्सप्लांट हे शब्दामुळे ऑपरेशन वाटतं, पण चिरफाड नसते. आधी आठवडा-दहा दिवस जबर केमो देऊन मुलाची जुनी मज्जा रिकामी केली जाते. मग दात्याच्या मूळपेशी रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून चढवल्या जातात. त्या रुजून नवं रक्त बनवू लागेपर्यंत दोन ते चार आठवडे जातात. खरी परीक्षा या दिवसांची.

केमोमुळे तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोललं जातं. तोंडात फोड येतात, थुंकी गिळणंही जड जातं. मळमळ, उलटी, जुलाब. जिभेची चव जाते, दूध लोखंडासारखं लागतं. नंदुरबारसारख्या मिरचीच्या जिल्ह्यातलं पोरगं, ज्याला तिखट-आंबट आमचूर घातलेल्या वरणाशिवाय घास उतरत नाही, त्याला तेच वरण आगीसारखं झोंबतं. आणि नेमकं याच वेळी शरीराला जास्त अन्न हवं असतं, कारण सोललेलं अस्तर भरून काढायचं असतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार ७ ते ९ वर्षांच्या निरोगी मुलाला रोज साधारण १,७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ट्रान्सप्लांटच्या मुलाला किलोमागे प्रथिनांची गरज जवळपास दुप्पट धरली जाते. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, मूठभर डाळीत ७ ग्रॅम. ही बेरीज करून पाहिली की लक्षात येतं, नुसत्या पातळ पेजेवर आणि बिस्किटांवर हे भागत नाही.

नळी म्हणजे शेवट नव्हे

मूल तोंडाने खात नाही म्हटल्यावर डॉक्टर नाकातून पोटात बारीक नळी घालायचं सुचवतात. इथे घरचे अडतात. आपल्याकडे नळी म्हणजे माणूस शेवटच्या घटका मोजतोय, अशी समजूत पक्की आहे. आजी रडते, वडील सही करायला तयार नसतात. "सलाइन चालू आहे ना, मग जेवण कशाला?" हा प्रश्न वॉर्डात हमखास येतो.

त्याचं उत्तर आकड्यात आहे. ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या अर्धा लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. त्यातून शंभरच्या आतच कॅलरी मिळतात, म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या-पाऊण भाकरीएवढ्या. प्रथिनं शून्य. सलाइन पाणी आणि क्षार देते, पोषण नाही.

शिरेतून पूर्ण पोषण देण्याची वेगळी पद्धत आहे. त्यात प्रथिनांचे घटक, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं असं सगळं असतं. पण ती महाग आहे, छातीतल्या मोठ्या शिरेतूनच द्यावी लागते, तिच्यामुळे रक्तात संसर्ग शिरण्याचा आणि यकृतावर ताण येण्याचा धोका असतो. म्हणून जगभरातल्या तज्ज्ञ संघटनांचा कल असा आहे की आतडं काम करत असेल तोवर ते वापरा. आधी तोंडाने, नाही जमलं तर नळीने, आणि जुलाब-उलट्यांमुळे तेही नाही जमलं तरच शिरेतून. आतड्यात अन्न जात राहिलं तर त्याचं अस्तर लवकर भरतं, हा त्यामागचा विचार. नळी फोड येण्याआधीच घातली तर मुलाला त्रासही कमी होतो. त्यातून औषधंही जातात. मूल खायला लागलं की नळी निघते. शिंदखेड्याच्या किंवा तळोद्याच्या बापाला हे पाच मिनिटं बसवून त्याच्या भाषेत सांगणारं कुणी असेल, तर सही होते. सांगणारं नसेल तर आठवडा वाया जातो आणि मूल दोन किलोंनी उतरतं.

बीट, गूळ, खजूर आणि टॉनिक

"रक्त कमी आहे" हे वाक्य ऐकलं की आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडतो. बीट द्या, गूळ-शेंगदाणे द्या, खजूर द्या, लोहाचं टॉनिक द्या. लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियाला हे ठीक. पण थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढतं, आणि रक्ताच्या एका पिशवीतून २०० मिलिग्रॅमहून जास्त लोह शरीरात येतं. खाण्यातून दिवसाला शोषलं जाणारं लोह १-२ मिलिग्रॅम. ते जादा लोह बाहेर टाकायची शरीरात सोयच नाही. ते यकृतात, हृदयात साठतं.

म्हणून नियम सरळ आहे. अशा मुलाला लोहाची गोळी, लोहाचं सिरप, "रक्तवाढीचं" टॉनिक डॉक्टरांच्या परवानगीशिवाय द्यायचं नाही. अंगणवाडीत किंवा शाळेत सगळ्यांना लोहाचं औषध वाटतात तेव्हा या मुलाचं नाव वेगळं लिहिलेलं असायला हवं. जेवणासोबत कोरा चहा लोहाचं शोषण कमी करतो, म्हणून काही डॉक्टर मोठ्या मुलांना तो सांगतात. उलट बाजूही तेवढीच खरी. भीतीपोटी पालेभाजी, अंडी, डाळ सगळंच बंद करणारी घरंही आहेत. तेही चूक. पालकाच्या भाजीने बिघडत नाही, लोह कमी करणाऱ्या गोळ्यांत खंड पडला की बिघडतं. डाळ-अंडी बंद करून मुलाचं वजन घालवलं तर ट्रान्सप्लांटची तारीखच पुढे जाते.

दुसरी सवय काढ्यांची. गुळवेल, कोरफड, कुणीतरी दिलेली पुडी. ट्रान्सप्लांटनंतर सायक्लोस्पोरिनसारखी औषधं अगदी मोजूनमापून चालतात. पपनससारखं फळही त्या औषधाची रक्तातली पातळी बदलतं. अशा वेळी पुडीत काय आहे हे माहीत नसणं फार महागात पडू शकतं.

एका घरात दोन ताटं

या सगळ्या चर्चेत एक मूल कुणाच्याच यादीत नसतं. दाता. सख्ख्या भावा-बहिणीचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. जुळतो तो बहुतेक वेळा चार-सहा वर्षांचा धाकटा किंवा जरा मोठी बहीण. मज्जा किती काढायची हे दात्याच्या वजनावर ठरतं. साधारण किलोमागे १० ते २० मिलिलिटर ही हद्द पाळली जाते. दाता १२ किलोचा आणि घेणारा २२ किलोचा असेल तर गणित अडचणीचं होतं. म्हणजे दात्याचं वजन वाढवणं हाही उपचाराचाच भाग.

मज्जा दिल्यानंतर दात्याचं हिमोग्लोबिन थोडं उतरतं आणि त्याला सहसा लोह द्यावं लागतं. एकाच चुलीवर दोन भावंडं, एकाला लोहाचं औषध मना आणि दुसऱ्याला आवश्यक. आईला हे कागदावर, मराठीत, दोन वेगळ्या रंगांत लिहून दिलं नाही तर बाटल्यांची अदलाबदल व्हायला किती वेळ लागतो? शिवाय आई रुग्णालयात आजारी मुलाजवळ असते, तेव्हा दाता गावी आजीकडे किंवा सुरतेत मावशीकडे असतो. त्याच्या ताटाकडे कुणाचं लक्ष असतं, हा प्रश्न कोणत्याच फॉर्मवर नाही.

शंभर दिवसांचं स्वयंपाकघर

नव्या पेशी रुजल्या, मूल वॉर्डाबाहेर आलं, की घरच्यांना वाटतं जिंकलं. डॉक्टर मात्र पहिले १०० दिवस डोळ्यांत तेल घालून काढायला सांगतात. या काळात मूल केंद्राच्या जवळ राहावं लागतं, प्रतिकारशक्ती अगदीच तोकडी असते आणि दात्याच्या पेशी मुलाच्या कातडीवर, यकृतावर किंवा आतड्यावर उलटण्याचा धोका असतो. आतड्यावर उलटल्या तर जुलाबातून खाल्लेलं सगळं निघून जातं.

पूर्वी या मुलांना फार कडक पथ्य असायचं. कच्चं काहीही नाही, फळ नाही, सगळं रटरटून शिजवलेलं. आता मत बदलतंय. इटलीत प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, धुतलेली ताजी फळं-भाज्या खाणाऱ्यांमध्ये कडक पथ्यवाल्यांपेक्षा संसर्ग जास्त आढळला नाही. पण तिथलं नळाचं पाणी आणि आपलं पाणी एक नाही. म्हणून आपल्याकडची केंद्रं मधला मार्ग धरतात. पथ्याची यादी छोटी, स्वच्छतेची यादी मोठी.

ती साधारण अशी. पाणी उकळून गार केलेलं. दूध उकळलेलं. अन्न ताजं, कुकरमध्ये शिजवलेलं, दोन तासांच्या आत संपवलेलं. सकाळचं वरण रात्री नाही. अंडं पूर्ण उकडलेलं. केळं, संत्रं, डाळिंब अशी सालीची फळं धुऊन, घरी सोलून. कच्ची कोशिंबीर, उघडी चटणी, बाजारचा रस, बर्फ बंद. शेंगदाणे बुरशी लागलेले नकोत, भाजून-शिजवूनच. लोचो, खमण, पोंक, शेवभाजी हे सुरतच्या रस्त्यावरचं सगळं काही महिने नजरेआड. दही कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारून.

आणि यात गावचं अन्न वाईट नाही, उलट उपयोगी आहे. नागलीची पेज, मुगाची मऊ खिचडी वर तूप, भगर, दुधात कुस्करलेली भाकरी, डाळीच्या पिठाचं पिठलं, मिरची न घालता. फोड असताना हेच उतरतं. डब्याची महागडी पावडर मदत करते, पण ती नाही म्हणून काहीच नाही असं नव्हे. दर दोन तासांनी थोडं, जे द्यायचं त्यात चमचाभर तेल-तूप, हा साधा मंत्र बऱ्याच मुलांना तारतो.

अडचण अन्नाच्या जातीची नाही, जागेची आहे. लिंबायतच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, एक गॅस, पाणी ठरावीक वेळेला. त्यात वेगळी भांडी, वेगळं पाणी, ताजा स्वयंपाक दिवसातून पाच वेळा. मुंबईत कॅन्सरच्या मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था राहायची सोय देतात, कडल्स फाउंडेशन रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नेमून मुलांच्या ताटाची जबाबदारी घेते. या कामाने दाखवून दिलं की आहारतज्ज्ञ ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे. रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या मुलांसाठी सीमाभागात अशी साखळी उभी राहिलेली नाही.

आता हिशोब

रोज अर्धा-पाऊण लिटर दूध, दोन-तीन अंडी, डाळ, तूप, दोन फळं आणि पाणी उकळायचा गॅस. शहरातल्या भावाने एका मुलामागे दिवसाला १५० रुपये धरू. १०० दिवसांचे १५,०००. १० लाखांच्या ट्रान्सप्लांटचे दीड टक्के. आधीच्या सहा महिन्यांच्या तयारीचे, आणि दात्याचेही धरले, तरी एकूण रक्कम ८-९ टक्क्यांपलीकडे जात नाही.

घरच्या बाजूने पाहिलं तर चित्र उलटं. मिलमध्ये, लूमवर किंवा कापड मार्केटात रोजाने जाणारा बाप धावपळीत १०० दिवस कामावर गेला नाही आणि रोज ५०० चा धरला, तर ५०,००० बुडाले. म्हणजे खर्च वाढतो नेमका त्याच वेळी मिळकत थांबते. मग पहिली काटछाट कुठे होते? औषध सोडता येत नाही. भाडं सोडता येत नाही. दूध निम्मं होतं, अंडं एक दिवसाआड होतं. १० लाखांचं काम १५ हजारांपायी धोक्यात येतं ते असं. साध्या व्यापाऱ्यालाही कळेल की हा तोट्याचा सौदा आहे.

सरकारला ही कल्पना नवीन नाही. क्षयरोग्यांना निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून व्यापारी, संस्था, उद्योग क्षयरोग्यांना पोषण किट देतात. पोषण पुनर्वसन केंद्रात कुपोषित मुलासोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. म्हणजे "औषधासोबत अन्नही उपचार आहे" हे तत्त्व मान्य आहे. फक्त ते या मुलांपर्यंत पोहोचलेलं नाही. पुनर्वसन केंद्राची वयाची अट पाच वर्षांपर्यंतची, ट्रान्सप्लांटचं मूल बऱ्याचदा सात-आठचं.

हद्दीवर हरवलेलं ताट

सगळ्यात बोचरी गोष्ट पुढेच आहे. अंगणवाडीचा आहार सहा वर्षांपर्यंत. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी-केळी मिळतात, तीही त्याच वयापर्यंत, गावातच. त्यानंतर शाळेतलं मध्यान्ह भोजन किंवा आश्रमशाळेचं जेवण. ट्रान्सप्लांटनंतर मुलाला संसर्गाच्या भीतीने काही महिने, कधी वर्षभर शाळेत पाठवायचं नसतं. म्हणजे उपचारामुळेच त्याचं हमखास मिळणारं एक जेवण बंद होतं. शाळेत गैरहजर, म्हणून ताट नाही.

रेशनचं थोडं बरं आहे. "एक देश, एक रेशन कार्ड"ची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांत झाली त्यांत महाराष्ट्र-गुजरातची जोडी होती. त्यामुळे साक्रीचं कार्ड उधन्यात चालतं. पण मिळतं ते माणशी ५ किलो धान्य. दूध, अंडी, डाळ, तेल त्यात नाही. आयुष्मान कार्ड देशभर चालतं, पण राज्याने स्वतःच्या पैशातून दिलेले जादा लाभ साधारणपणे राज्याच्या हद्दीतच राहतात. दहा वर्षं सुरतेत राहणाऱ्या, पण नाव अजून गावच्या यादीत असलेल्या घराला महाराष्ट्रवाले "तिकडे जा" म्हणतात, गुजरातवाले "पुरावा आणा" म्हणतात. थॅलेसेमिया आणि सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आले, रेल्वेच्या भाड्यात या रुग्णांना सवलत आहे. म्हणजे रुग्णालयापर्यंत जायला मदत आहे, तिथे पोहोचल्यावर खायला नाही.

करता येण्यासारखं

यातलं बरंच काही नवा कायदा न करता होऊ शकतं.

पहिलं, ट्रान्सप्लांटच्या पॅकेजमध्येच आहाराचा रकाना टाकावा. आधीचे सहा महिने आणि नंतरचे १०० दिवस, रुग्ण आणि दाता दोघांसाठी, क्षयरोग्यांसारखी रक्कम थेट आईच्या खात्यात.

दुसरं, रक्त चढवायला मूल दर महिन्याला येतंच. तिथेच वजन, उंची आणि दंडाचा घेर मोजून कार्डावर लिहावा. टेप दहा रुपयांची असते. सलग दोन महिने वजन वाढलं नाही तर आहारतज्ज्ञाकडे, ही सरळ पायरी.

तिसरं, सुरतच्या सरकारी रुग्णालयांत मराठी, अहिराणी आणि भिली-पावरी समजणारा एक आहार समुपदेशक. सूचना गुजरातीत आणि इंग्रजीत छापलेल्या असतात, वाचणारी आई धडगावची असते.

चौथं, जे मूल उपचारामुळे शाळेत येऊ शकत नाही, त्याचं मध्यान्ह भोजन कोरड्या शिध्याच्या रूपात घरपोच द्यावं. कोरोनाच्या काळात शाळा बंद असताना शिधा वाटला गेलाच होता. मग आता अडचण काय?

पाचवं, नंदुरबार, धुळे, तापी आणि सुरत या चार जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांनी या मुलांची एक सामायिक यादी ठेवावी. पोषण ट्रॅकरवर स्थलांतरित लाभार्थीची नोंद करायची सोय आहे, तीच पद्धत इथे वापरता येईल.

सहावं समाजाचं. सुरतच्या खान्देशी मंडळांकडे गणपतीला, सप्ताहाला, सामूहिक विवाहाला पैसा उभा राहतो. एका मंडळाने वर्षाला दोन लेकरांच्या शंभर दिवसांचं दूध-अंडं पत्करलं तरी ३० हजारांत काम होतं. एखाद्या रिकाम्या खोलीत स्वच्छ स्वयंपाकघर करून दिलं तर आणखी चांगलं.

नवी तंत्रं येत आहेत. सिकलसेलवर जनुक बदलणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडेही "बिरसा १०१" या नावाने देशी जनुक उपचार जाहीर झाला आहे. त्यात दात्याची गरज नसते, कारण पेशी मुलाच्याच असतात. पण सध्याच्या पद्धतीत आधी केमो द्यावाच लागतो. तोंडाचे फोड, बंद झालेली भूक, उतरलेलं वजन हे त्यातही आहेच. म्हणजे तंत्र कितीही पुढे गेलं तरी ताटाचा प्रश्न मागे उभा राहणार.

तपासणीची कार्डं वाटून झाली, निधीच्या घोषणा झाल्या. आता जिल्ह्याच्या पुढच्या आढावा बैठकीत लोकप्रतिनिधींनी एवढंच विचारावं: ट्रान्सप्लांटच्या यादीतल्या आपल्या प्रत्येक मुलाचं आजचं वजन किती, आणि गेल्या महिन्यात किती होतं? हे दोन आकडे ज्या दिवशी टेबलावर येतील, त्या दिवशी बाकीचा हिशोब आपोआप लागायला सुरुवात होईल.